पोटाला चुण्या, गावाला लिंबूपाणी

मावशी,

तू गेल्याचं कळल्यावर दारावर बसायला आलेल्या बायका आधी रडल्या, मग तुझ्या घोटलेल्या वांग्याच्या भाजीबद्दल बोलल्या आणि मग, न चुकता, तुझ्या लिंबूपाण्यावर आल्या.

"काय बाई व्हती! नुसत्या लिंबूपान्यावर एवढी बारीक झाली. मनाची ताकद पाह्यजे त्याले."

मी ओट्याच्या कडेला बसून चहाचे कप गोळा करत होते. त्या अंगणात खरी गोष्ट फक्त दोघांना माहीत होती. एक काका. ते पुरुषांमध्ये बसून जमिनीकडे बघत होते. दुसरी मी. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी हसूही येत होतं, म्हणून कप घेऊन आत मोरीपाशी गेले. तू असतीस तर मागून येऊन पाठीत धपाटा घातला असतास आणि म्हणाली असतीस, "हासू नको व, लोकं पाह्यताहेत."

माझ्या मागोमाग रेहानाभाभी आत आली. तुझी भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, जिचे मिस्टर केळीवाल्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना वेल्डिंग करून देतात. (नाव मी बदललंय. बदलायला तिनंच सांगितलं आणि नवं नावही तिनंच निवडलं.) कप पुसता पुसता म्हणाली, "अक्का रोज सकाळी भिंतीवरून विचारायची, पिलीस का गं? आता कोण विचारेल मला? पण मी सोडणार नाही, मुन्नी. उलट डायबेटीसच्या गोळ्या बंद केल्यात मी. आता फक्त लिंबू. अक्काचं झालं, तर माझं का नाही होणार?"

मी एकच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिले. गोळ्या नको बंद करू, एवढं कसंबसं म्हणाले. "तू बच्ची आहेस," ती म्हणाली आणि पदराला हात पुसत बाहेर गेली.

तिनं गोळ्या बंद केल्याचं तुला माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू तिला दंडाला धरून दवाखान्यात नेलं असतंस. तरी त्या दिवसापासून मी तुझ्याशी भांडते आहे. तू उत्तर देत नाहीस, त्यामुळे दोन्ही बाजू मलाच मांडाव्या लागतात आणि तुझी बाजू मी तुझ्याइतकी चांगली मांडू शकत नाही.

*

लहानपणी मी तुला घाबरायचे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून, इंग्रजी शाळेतून, सुट्टीत फैजपूरला आले की मला बोलताच यायचं नाही. घरातले सगळे इतक्या जोरात बोलायचे की माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. माझं नाव मृण्मयी. तू पहिल्याच दिवशी ते दोनदा म्हणून पाहिलंस, "माय व, हे तर तोंडातच मोडते," म्हणालीस आणि मला मुन्नी करून टाकलंस. तू मला बोल म्हणून कधी मागे लागली नाहीस. स्वतः बोलत राहायचीस, मध्येच माझ्याकडे बघून विचारायचीस, "व्हय ना, मुन्नी?" मी मान हलवायचे. इतरांना वाटायचं, आम्ही दोघी गप्पा मारतोय.

म्हणून दोन वर्षांपूर्वी तू जळगावला आमच्या हॉस्पिटलात येऊन माझ्या टेबलासमोर धापा टाकत बसलीस आणि म्हणालीस, "तू त्या पोटाच्या अभ्यासात कामाले हाये ना? मले घे त्यात," तेव्हाही मी नुसती मान हलवली.

तुला वजन कमी करायचं होतं, पण बारीक दिसायचं नव्हतं. भूषणचं लग्न ठरत आलं होतं. नवऱ्या मुलाच्या आईला देवकाला पाटावर बसावं लागतं. तुझे गुडघे तुला जमिनीवर बसू देत नव्हते आणि बसलंच तर उठू देत नव्हते. "पोराचं देवक मी काय खुर्चीवर बसून बसवू? मले पाटावर बसायचं हाये. बाकी तुमचा अभ्यास तुम्ही करा."

आमच्या सरांनी तुला स्वतः समजावून सांगितलं. अभ्यासात दोन गट आहेत. एका गटात पोटावर बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीतून बघत, जठराचा मोठा भाग काढून टाकतात. दुसऱ्या गटात बाहेरून एकही छेद नसतो. तोंडातून दुर्बीण आत सोडतात आणि जठराला आतून टाके घालून ते लहान करतात. दुसरी पद्धत नवी. तिचा परिणाम पहिलीइतका टिकतो का, त्रास कमी होतो का, हे शोधायचं म्हणून हा अभ्यास. कोण कुठल्या गटात जाणार ते आम्ही ठरवत नाही, कॉम्प्युटर ठरवतो.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग बाहेर येऊन मला कोपऱ्यात ओढलंस. "चिठ्ठी काढता म्हनजे. कॉम्प्युटर कोनाचा हाये?"

"हॉस्पिटलचा."

"त्याच्यावर बसते कोन?"

"मावशी, मला त्यात काही करता येत नाही. करता आलं असतं तर तो अभ्यासच उरला नसता."

"बरं बरं. आपली भाची एवढी शिकली, आन् एक चिठ्ठी बदलता येत नै." जाता जाता नर्सलाही तू हेच सांगितलंस, हसत हसत. शेवटी चिठ्ठी तुला हवी तीच निघाली, टाक्यांची. तू फैजपूरच्या महादेवाला नारळ फोडलास आणि माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच काहीतरी केलं होतं. मी काही केलं नव्हतं. तू शेवटपर्यंत मानलं नाहीस.

टाके घातल्यावर दुसऱ्या दिवशी सर राउंडला आले. त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? तू म्हणालीस, "परकराचा घेर कमी कराले चुण्या घालतात ना, तसं वाटते. पोटाले चुण्या घातल्या तुम्ही." सर थांबले. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. तोपर्यंत ते पेशंटना "जठराचं आकारमान आतील टाक्यांनी नियंत्रित करणे" असं काहीतरी सांगायचे आणि पेशंट "हो हो" म्हणायचे, म्हणजे काही कळलेलं नसायचं. आता ते "आतून चुण्या घालतो" म्हणतात आणि बायका लगेच पुढचा प्रश्न विचारतात, "उसवल्या तर?" हाच तर आमच्या संशोधनाचा प्रश्न आहे. चुण्या किती वर्षं टिकतात आणि उसवल्या तर काय.

*

तुझं जेवण हा आमच्या अभ्यासाला पडलेला मोठा पेच होता. नात्यातली म्हणून तुझ्या नोंदी माझी सहकारी घ्यायची. प्रश्न मात्र सगळे मी इंग्रजीतून मराठीत आणलेले होते. तिनं फोनवर विचारलं, "दिवसातून किती वेळा जेवता?" तू म्हणालीस, "एक डाव. तेबी अर्धी भाकर." आहारतज्ज्ञ खूश. महिन्याभरानं वजन पाहिजे तेवढं उतरेना, तेव्हा ती काळजीत पडली.

मी रविवारी फैजपूरला आले होते. तू सूपभर शेंगा निवडत होतीस. निवडता निवडता दाणे तोंडात. मग चहा आणि खारी. मग एक केळं, मग केळ्याचे वेफर, "मीठ बरोबर हाये का पाह्याले". मी बघत होते. शेवटी विचारलं, "मावशी, तू तर एकदाच जेवतेस ना?"

"मंग? आता हे काय जेवन हाये का?"

"केळं?"

"केळं काय खानं असते? आपल्या घरचंच तर हाये."

मी तिथल्या तिथे सहकारीला फोन लावला. तुझं खोटं काहीच नव्हतं. जेवण म्हणजे ताट, ताटात भाकरी, शेजारी भाजी. बाकी सगळं तोंड हलवणं. घरच्या मळ्यातलं तर तेही नाही. इंग्रजीतलं खाणं मी सरळ "जेवण" करून ठेवलं होतं आणि रावेर-यावलकडच्या सगळ्याच बायका आम्हाला खरं तेच सांगत होत्या: एक वेळ, एक वेळ, एक वेळ. आम्ही प्रश्न बदलला. आता विचारतो, "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" त्या फोनला वेळ लागतो. पण उत्तरं ऐकून भूक लागते.

तू मात्र माझ्यावर रुसलीस. "चहाडी केली माझी." आठवडाभर फोन केला नाहीस. मग एके दिवशी केलास आणि काही न बोलता सुरू झालीस, "आज सकाळपासून तोंडात गेलं ते लिहून घे. चहा. अर्धा. एक डाव थुंकी गिळली."

*

देवकाला तू पाटावर बसलीस. बसलीस आणि उठलीसही, कुणाचा हात न धरता. काकांनी तेवढ्यापुरता चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता सगळं पार पडलं.

पण मुलगी धुळ्याची होती आणि धुळ्यात विहिणीची पंगत वाट बघत होती.

मे महिना. खापरावरचे मांडे, आमरस, कुरडया, भजी आणि कितीतरी वाट्या. ताटाभोवती रांगोळी, पाटाच्या मागे तक्क्या. तुझ्या एका बाजूला मी आणि समोर तुझ्या विहीणबाई, हातात मांड्यांचं ताट घेऊन. तुझं पोट तेव्हा वाटीभर खाऊन भरायचं. जास्त झालं की ते सरळ परत यायचं. तू माझ्या कानात म्हणालीस, "माझ्या ताटातलं तुझ्या ताटात सरकव. कोनाले दिसू नको देऊ." मी दोन मांडे सरकवले, ते खाल्ले आणि तिसऱ्याला हात जोडले.

विहीणबाई वाकल्या, सगळं तुमच्यासाठीच म्हणत, त्यांच्या अहिराणीत. "लाजू नका, माय. हाई बठ्ठं तुम्हनासाठेच शे."

"खाते ना."

"काय खातस? ताट तर तसंच शे."

त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या जावा एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. मुलीकडच्यांचं अन्न विहिणीला आवडलं नाही, ही गोष्ट पुढची वीस वर्षं पुरते. मला वाटलं, आता तू सांगून टाकशील. तू सांगितलं नाहीस. तू मांड्याचा नखाएवढा तुकडा मोडलास, रसात बुडवलास, तोंडात ठेवलास आणि चावायला लागलीस. सरांनी शिकवलं होतं तसं, घासाचं पाणी होईपर्यंत. डोळे मिटून. मग डोळे उघडून म्हणालीस, "पुरनात जायफळ थोडं, सुंठ जास्ती. व्हय ना?" विहीणबाई चमकल्या. "हो." मग कुरडईचा तुकडा. "ही उन्हात दोन दिस वाळवलेली नै, तीन दिस." मग भजं. मग पुन्हा मांड्याचा कण. प्रत्येक घासावर एक बोलणं आणि दोन बोलण्यांच्या मध्ये ते न संपणारं चावणं.

विहीण उठल्याशिवाय पंगतीतलं कुणी उठत नाही. त्यामुळे तुझं चावणं चाललं होतं तोवर सगळी पंगत बसून. आणि बसलेल्या पंगतीला वाढणारे गप्प बसत नाहीत. आपल्याकडच्या बायकांना तीन तीन वेळा रस वाढला गेला. तुझी नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, ऊठ ना व, मले श्वास घेता येत नै." तू म्हणालीस, "थांब, चटनी राह्यली."

शेवटी उठलीस तेव्हा विहीणबाईंचे डोळे भरले होते. "इतकी चवीनं खाणारी विहीण मी पाह्यली नाही," असं त्या भूषणच्या बायकोला अजूनही सांगतात. तू त्या दिवशी जेमतेम वाटीभर खाल्लंस. बाकी सगळ्यांनी तुझ्या वाटणीचं खाल्लं.

परतीच्या गाडीत सगळ्या जडावून पडल्या होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "पन अक्का, तू बारीक कशी झाली, ते तर सांग." तू खिडकीबाहेर बघत होतीस. पारोळ्याच्या पुढे कुठेतरी एक लिंबूसरबताची गाडी मागे गेली. आणि तू म्हणालीस, "लिंबूपानी. सकाळी, अनशापोटी, कोमट."

बस. एवढंच. मी तिथेच होते. मी काही बोलले नाही. व्हय ना मुन्नी, असं तू विचारलंस आणि मी सवयीनं मान हलवली.

*

आपलं भांडण नंतर झालं. दिवाळीत, तुझ्या ओट्यावर. भिंतीपलीकडून रेहानाभाभी विचारून गेली होती, लिंबू अर्धं की पूर्ण, आणि तू पूर्ण म्हणाली होतीस.

मी म्हटलं, "मावशी, खरं सांग ना तिला. तिचं वजन उतरत नाही आणि तिला वाटतंय, तिचंच काही चुकतंय."

"मी कोनाचं काय वाईट केलं? लिंबूपानी चांगलंच असते."

"पण तू त्यानं बारीक झाली नाहीस."

"हे पाह्य, मुन्नी. मी खरं सांगितलं तर लोकं काय म्हनतील? खाऊ खाऊ फुगली आन् मंग शिवून घेतलं. कष्ट नै, काही नै. माझ्या हातचं खाल्लेल्या बाया म्हनतील हे."

"लठ्ठपणा हा आजार आहे. त्यात कुणाचा दोष नसतो. हे आम्ही रोज सांगतो."

"तू सांगते तव्हा खरं वाटते," तू म्हणालीस. "तू इंग्रजीतून इचार करते म्हनून. आमच्या भाषेत अजून ते आलं नै."

हॉस्पिटलात मी जे ठामपणे बोलते ते तुझ्या ओट्यावर बोलताना माझा आवाज का बारीक होतो, ते मला कळत नाही. तू माझी कीव आल्यासारखी शेंगदाण्याची मूठ पुढे केलीस. "खाय. तुले काही चुण्या नैत." आणि आपण दोघी हसलो. भांडण तिथेच राहिलं. तू पुढच्या वेळी बोलू म्हणाली नव्हतीस, पण तुझ्या माझ्यात सगळं पुढच्या वेळीच असायचं.

मग एका सकाळी डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आणि काका तुला जळगावला आणेपर्यंत तू गेलीस. पोटाशी त्याचा काही संबंध नव्हता. सरांनी आणि मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. अभ्यासातलं कुणी गेलं की कारण कळवावंच लागतं आणि ते आमच्या शस्त्रक्रियेमुळे झालं का, तेही. तुझ्या नावापुढे, म्हणजे तुझ्या नंबरापुढे, "संबंध नाही" असं लिहिलं गेलं. ते बरोबर आहे. शास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर. तरी ते दोन शब्द वाचून मी उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

आता माझी अडचण तुझ्या लक्षात येईल. तू असतीस तर मी तुला मनवलं असतं, निदान प्रयत्न केला असता. आता मी भाभीला खरं सांगायला जावं, तर ती पहिल्यांदा म्हणणार, बघ, त्यामुळेच गेली. आणि गाव म्हणणार. तुझी गोष्ट चार लोकांत जाणार ती गोष्ट म्हणून नाही, ताकीद म्हणून. न सांगावं, तर भाभी साखरेच्या गोळ्यांऐवजी रोज सकाळी तुझं खोटं पिणार.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "हॉस्पिटलमध्ये काम करणारी म्हणून तुला जे माहीत आहे, ते तू कुणालाही सांगू शकत नाहीस. पेशंट गेली तरी नाही. भाची म्हणून जे माहीत आहे, ते तिच्या घरच्यांना विचार."

म्हणून काकांकडे गेले. ते मळ्यात होते, केळीच्या घडांना दोर बांधत. काका किती बोलतात तुला माहीत आहे. मी सगळं सांगितलं, भाभीच्या गोळ्यांचंही. ते पुढच्या झाडाशी गेले, गाठ मारली, परत आले.

"लिंबं आपल्याच झाडाची नेते ती," काका म्हणाले. "मीच तोडून देतो तिले. दर डाव वाटते, सांगू. मंग वाटते, हिले राग येईन."

"मावशीला?"

"अजून सवय गेली नै व." ते हसले. तू गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग म्हणाले, "तिनं लपवलं ते लाजेपाई. कोनाचा जीव जावा म्हनून नै. जाय, सांग. आन् राग आला तिले, तर माझं नाव सांगजो."

*

भाभी पापड वाळवत होती. मी शेजारी बसून एक एक पापड उलटू लागले आणि मनात वाक्य तयार करत राहिले, लहानपणी करायचे तसं. पण आता विषय बदलायला कुणी नव्हतं. मी सांगितलं. चिठ्ठी, दुर्बीण, टाके, चुण्या. लिंबाचा काही संबंध नाही. आणि तू गेलीस त्याच्याशी टाक्यांचाही नाही.

तिनं पापड माझ्या हातातून काढून घेतला.

"म्हणजे मी येडी होते. वर्षभर."

"नाही, भाभी."

"तोंड आंबट करून घेतलं मी रोज! माझे मिस्टर म्हणायचे, तुझ्यात जिद्दच नाही, अक्काकडे बघ. मी रडायचे. आणि अक्का भिंतीवरून विचारायची, पिलीस का!" तिचा आवाज चढला होता. "मला तरी सांगायचं होतं. मी काय गावात दवंडी पिटणार होते?"

मी तुझी बाजू घेतली नाही, मावशी. तुला राग येऊ दे. तिचं बरोबर होतं.

मग तिनं खाली बघत, एकदम हलक्या आवाजात विचारलं, "भ्याली होती का गं ती?"

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काकांनाही नाही. तिला सांगितलं. आत नेण्याआधी तू स्ट्रेचरवर पडून सगळ्यांशी थट्टा करत होतीस, आणि दाराशी आल्यावर माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की बांगडी रुतली. म्हणालीस, "मुन्नी, मले नै करायचं. घरी घेऊन चाल." मी नुसती उभी राहिले, हात न सोडवता. सर थांबले, म्हणाले, तुमची इच्छा नसेल तर नाही करायचं, आत्ता परत जाऊ. तू छताकडे बघत राहिलीस. मग विचारलंस, "पाटावर बसता येईन ना?" आणि माझं मनगट सोडलंस.

भाभीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अक्का! घरी घेऊन चाल म्हणाली? आणि मला म्हणायची, घाबरते काय, पी!" मग डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं, एक मीच भित्री आहे."

गोळ्या तिनं त्याच दिवशी माझ्यासमोर पुन्हा सुरू केल्या. पुढच्या आठवड्यात ती जळगावला आली. सरांनी तपासलं आणि सांगितलं, आधी साखर ताब्यात आणू, मग बघू, तुम्हाला टाक्यांची गरज आहे की नाही, ते घाईनं ठरवायचं नाही. ती ऐकून बाहेर आली, बुरख्याची बटणं लावली आणि मला कोपऱ्यात ओढलं. अगदी त्याच कोपऱ्यात.

"मुन्नी, पुढे करायची वेळ आली, तर फैजपूरला कुणाला कळता कामा नये."

"नाही कळणार, भाभी. मी कुणाला सांगत नाही."

"आणि कुणी विचारलं, बारीक कशी झालीस, तर आपण म्हणायचं..." तिनं जरा विचार केला. "दुधी भोपळ्याचा रस. चालेल ना?"

बाकावर बसलेल्या सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. माझे कान तापले. पण या वेळी माझी मान हलली नाही, मावशी.

"मी गप्प राहीन, भाभी," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पण भोपळा सांगणार नाही."